हा मासा कोणत्या नदीचा?

पोळ्याच्या आगेमागे तळ्यांना पाणी आलं की सिरसाळ्याच्या पंचक्रोशीत मासळीचं बी येतं. टेम्पोत रचलेल्या प्लास्टिकच्या फुगीर पिशव्या. प्रत्येकीत तळाशी तिसरा हिस्सा पाणी, वर प्राणवायू, तोंड रबरानं आवळलेलं आणि आत बोटाच्या पेराएवढी पिलं. जाणता माणूस पिशवी लगेच सोडत नाही. आधी ती तळ्याच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवतो. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचा गारवा सारखा झाला की मग तोंड सोडून पिशवी अलगद आडवी करतो. पिलं आपणहून बाहेर पडतात, काठाशी जरा घोटाळतात आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी होतात.

सरकारी कागदावर या बियाचे टप्पे मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली असे असतात. पावतीवर नग असतात, दर असतो. कटला किती, रोहू किती, मृगळ किती हेही असतं. पण या पिलांचे आईबाप मूळचे कोणत्या नदीचे, आणि ही किती जोड्यांची संतती, हे कुठल्याच पावतीवर नसतं. मासे धरणाऱ्या संस्थेलाही ते विचारावंसं वाटत नाही, कारण ठेक्याचे पैसे वजनावर फिटतात. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. तो प्रश्न दुष्काळी मुलखाला इतरांपेक्षा जास्त लागू आहे, असं माझं ठाम मत आहे.

सिरसाळा हे परळी तालुक्यातलं, परळीहून तेलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. बालाघाटाच्या डोंगररांगा दक्षिणेला, गोदावरी उत्तरेला, आणि मधल्या उतारावरून वाहणारं पाणी शेवटी गंगेला, म्हणजे गोदेला मिळणारं. वाण नदी नागापूरच्या धरणात अडते. पश्चिमेला सिंदफणा माजलगावच्या धरणात अडते. ते धरण 1987 साली पुरं झालं. त्याही आधी, 1976 साली, वर पैठणला जायकवाडीचा नाथसागर उभा राहिला. पाऊस बेताचा, तोही बेभरवशाचा. बहुतेक नद्या पावसाळ्यापुरत्या वाहतात आणि मग डोहाडोहांत तुटून पडतात.

दुष्काळ पडला की या पाण्यातल्या माशांचं काय होतं, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. 2015-16 मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून बंद होतं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसांची ही गत, तिथं माशांची विचारपूस कोण करणार? तळं आटत आलं की उरलेली सगळी मासळी एकदम निघते, पडेल त्या भावानं जाते आणि तळाच्या चिखलाला भेगा पडतात. पुढच्या वर्षी पाऊस झाला की पुन्हा टेम्पो, पुन्हा पिशव्या. बघणाऱ्याला वाटतं, गेलं होतं ते परत आलं.

परत येतं ते मांस. वंश परत येईलच असं नाही.

नदीतल्या देशी माशांची रीत वेगळी. मरळ, वाम, शिंगाडा आणि बारीकसारीक कितीतरी जाती उन्हाळ्यात खोल डोहात तग धरतात. मृगाचा पहिला लोंढा आला की त्यातल्या बऱ्याच प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालतात. चढणीचे मासे धरायला सगळा गाव लोटतो, तो याच दिवसांत. म्हणजे पुढच्या वर्षीची सगळी पैदास त्या मे महिन्यातल्या डोहात उरलेल्या मोजक्या माशांवर अवलंबून असते. डोहात शंभर मासे वाचले तर शंभरांचा वारसा पुढे जातो, दहा वाचले तर दहांचा. नंतर चांगला पाऊस झाला, दहाचे दहा हजार झाले, तरी ते त्या दहांचेच. बाकीच्यांकडे जे होतं, कुणाकडे रोगाला दाद न देण्याची ताकद, कुणाकडे तापलेल्या पाण्यात कमी प्राणवायूवर भागवण्याची, ते त्यांच्याबरोबर संपलं. संख्या भरून येते, विविधता भरून यायला हजारो पिढ्या लागतात. नुसतं जाळं टाकून आणि मासे मोजून हा फरक कळत नाही. तो कळायला माशाच्या आत बघावं लागतं.

आत बघण्याचं साधन म्हणजे जनुकीय खूण. दोन माशांचा डीएनए बहुतांश सारखाच असतो, पण काही ठिकाणी तो माशागणिक बदलतो. अशी बदलती ठिकाणं शोधून ठेवायची आणि प्रत्येक माशात तिथं काय आहे ते वाचायचं. सुरुवात होते शेपटीच्या परापासून. मासा मारावा लागत नाही. ओल्या हातानं धरायचा, शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कात्रीनं कापायचा आणि मासा परत पाण्यात सोडायचा. पर पुन्हा वाढतो. तुकडा लहान कुपीत, तीव्र अल्कोहोलमध्ये. कुपीवर पेन्सिलीनं क्रमांक, कारण शाईचा क्रमांक अल्कोहोलनं पुसला जातो. वहीत तारीख, जागा, माशाची लांबी. प्रयोगशाळेत या तुकड्याच्या पेशी फोडून प्रथिनं बाजूला काढली आणि वरून थंडगार अल्कोहोल ओतलं की डीएनए पांढऱ्या धाग्यांच्या गुंत्यासारखा वर येतो. पुढे पीसीआर यंत्रात हव्या त्या तुकड्याच्या कोट्यवधी नकला काढतात. ही युक्ती कॅरी म्युलिस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला 1983 मध्ये सुचली आणि तिला 1993 मध्ये नोबेल मिळालं. मग त्या नकला ॲगारोजच्या लादीवर विजेच्या दाबाखाली पळवायच्या. लहान तुकडे लांब जातात, मोठे मागे राहतात. अतिनील प्रकाशात लादी धरली की आडव्या रेघा चमकतात. शेजारशेजारच्या रांगांत दोन माशांच्या रेघा जुळतात किंवा जुळत नाहीत.

आपल्याकडच्या महाविद्यालयांतून या कामाची सुरुवात बहुधा रॅपिड नावाच्या पद्धतीनं झाली. ती 1990 मध्ये आली. दहा अक्षरांचा कुठलाही तयार डीएनए-तुकडा घ्यायचा, त्या माशाच्या डीएनएची आधी काहीच माहिती नसली तरी चालतं, आणि खर्च कमी. लहान गावातल्या प्राणिशास्त्र विभागाला ती परवडली, ही मोठीच गोष्ट होती. पण तिच्या रेघांवर फार भार टाकू नये, असं मला वाटतं. तापमान जरा बदललं, रसायन दुसऱ्या कंपनीचं आलं, की रेघा बदलतात. एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीत हुबेहूब मिळेलच असं नाही. शिवाय रेघ दिसली म्हणजे ते जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं की एकाकडूनच, हे तिच्यावरून सांगता येत नाही. वंशाचा हिशेब मांडायचा तर नेमकं तेच हवं असतं. म्हणून मायक्रोसॅटेलाइट नावाच्या खुणा जास्त भरवशाच्या. डीएनएत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, कुणात बारा वेळा, कुणात सतरा वेळा. प्रत्येक माशाकडे असे दोन आकडे असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. आठ-दहा ठिकाणचे आकडे जमले की कोण कुणाचा नातलग, आणि या डोहातले मासे त्या डोहातल्यांपासून किती तुटलेले, हे बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं. जात ओळखायला तिसरी खूण आहे. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधल्या एका जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा जातीची ओळख म्हणून वापरावा, हे कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये सुचवलं. आज जगभर तो वापरला जातो. हा तुकडा फक्त आईकडून येतो, एवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं. संकराचा बाप त्यात दिसत नाही.

दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद जुनी आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या मुंबई सरकारच्या अधिकाऱ्यानं 1839 मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं. नदीकाठच्या लोकांनी जी नावं सांगितली तीच त्यानं लॅटिन नावांत घातली. खुद्री, कोलस, मुल्या, फुलुंगी, पोटील, नुक्ता, कुतुरनी: ही आपल्या भोयांची नावं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्यातला खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर, त्यानं पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या पाण्यात पाहिला. या माशाची पुढची हकीगत सविस्तर सांगायला हवी, कारण अनोळखी बी परक्या पाण्यात सोडल्यावर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

सह्याद्रीत वीजनिर्मितीसाठी धरणं झाली, नद्यांची वाट अडली, आणि महसीर कमी होऊ लागला. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याच्या प्रजननाचा अभ्यास केला. त्यांचा त्यावरचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1971 मध्ये आला. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं महसीरची पैदास सुरू केली. पिकलेली मादी हातात धरून अलगद पोट दाबायचं, अंडी ताटात घ्यायची, त्यावर नराचं रेत मिसळायचं, आणि वाहत्या पाण्यात ती उबवायची. नामशेष होत चाललेला मासा माणसाच्या हातून वाचू शकतो, हे लोणावळ्यानं दाखवलं. हे काम कौतुकाचंच आहे. तिथून लाखो पिलं देशभर गेली.

त्यातली काही दक्षिणेत कावेरीत सोडली गेली. कावेरीत पूर्वीपासूनच एक महसीर होता, पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. 1946 मध्ये कावेरीची उपनदी असलेल्या काबिनीवर 120 पौंडांचा एक मासा गळाला लागला होता; अशा माशांसाठी साहेब लोक सातासमुद्रापलीकडून यायचे. लोणावळ्याचा निळसर परांचा खुद्री तिथं सोडला तेव्हा हेतू चांगला होता: नदीतला महसीर वाढावा. महसीर म्हणजे महसीर, एवढंच माहीत होतं.

कावेरीवरच्या गळ-शिबिरांत पकडलेल्या आणि परत सोडलेल्या माशांच्या वह्या ठेवल्या जात होत्या. ॲड्रियन पिंडर आणि राजीव राघवन या संशोधकांनी सहकाऱ्यांसह 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी तपासल्या, आणि 2015 मध्ये निष्कर्ष छापला: निळ्या परांचे मासे भराभर वाढत गेले आणि कुबडाचे मासे, विशेषतः लहान वयाचे, नोंदीतून नाहीसे होत गेले. सगळ्यांत वाईट बाब म्हणजे या जगप्रसिद्ध माशाला तोवर निश्चित शास्त्रीय नावही नव्हतं. त्याला खुद्री म्हणत, मुसल्ला म्हणत, आणि नाव नाही म्हणून संकटग्रस्तांच्या यादीतही जागा नव्हती. शेवटी त्याच्या ऊतींचा डीएनए तपासला. 2018 मध्ये त्याच गटानं, निलेश डहाणूकरांसारख्या पुण्यात काम केलेल्या मराठी अभ्यासकासह, सिद्ध केलं की हा मासा म्हणजे टॉर रेमादेवी. ही जात केरळातल्या पांबार नदीतून 2007 मध्ये वर्णिली गेली होती, आणि पांबारही कावेरीच्याच खोऱ्यातली. नाव मिळालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. ज्या खुद्रीला वाचवायला लोणावळ्यात एवढी धडपड झाली, तो मात्र आता धोक्याबाहेरच्या वर्गात आहे.

या गोष्टीत कुणी खलनायक नाही. पिलं सोडण्याआधी दोन्ही नद्यांतल्या महसीरांच्या परांचे तुकडे तपासण्याची सोय सत्तरच्या दशकात नव्हती. आज आहे. म्हणून आजची जबाबदारी जास्त आहे.

वाण-सिंदफणेत महसीर नाही म्हणून हा प्रश्न आपला नाही, असं कुणी म्हणेल. पण कटला, रोहू, मृगळ या बियाचाही इतिहास असाच आहे. हे मासे मूळ उत्तरेतल्या मोठ्या नद्यांचे. बंद तळ्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून पूर्वी बी नदीतून गोळा करून आणावं लागे. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशातल्या अंगुळ इथं पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवलं, आणि भारतातली तळी माशांनी भरली. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्यासाठीच पाळतात. गोरगरिबाच्या ताटात आज मासा येतो तो या शोधामुळे, यात शंका नाही.

पण या शोधाला एक आडवळण आहे. किलोभर वजनाची रोहूची मादी एका वेळी दोन-तीन लाख अंडी देते. म्हणजे मोजक्या जोड्यांवर मोठ्यात मोठी मागणी पुरी होते, आणि धंद्याच्या हिशेबानं जास्त जोड्या पाळायचं कारणच उरत नाही. त्याच घरच्या पिलांतून पुढच्या वर्षीचे आईबाप निवडले की भावाबहिणींचे संकर सुरू होतात. याचं गणित सोपं आहे. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याला चारनं गुणायचं आणि एकूण माशांनी भागायचं. पाच नर, पाच माद्या असतील तर उत्तर दहा. पण एकच नर आणि नऊ माद्या असतील तर मासे दहाच असूनही उत्तर येतं 3.6. वंशाच्या दृष्टीनं ते दहा मासे पावणेचारसुद्धा नाहीत, आणि एका पिढीतच सगोत्रतेचं प्रमाण सुमारे 14 टक्क्यांनी वाढतं. भागाकाराचं हे उत्तर 50 च्या खाली जाऊ नये, म्हणजे सगोत्रतेची वाढ एका टक्क्यावर राहते, असं पशुपैदाशीचे जाणकार मानतात. एकनाथ आणि डॉयल या संशोधकांनी 1990 मध्ये शेजारच्या कर्नाटकातल्या बीजकेंद्रांचा अभ्यास छापला, तेव्हा एका वर्षातली ही वाढ कुठं 2 तर कुठं 17 टक्के निघाली. सगोत्र संततीची वाढ खुंटते, पिलं जास्त मरतात, व्यंग वाढतं. तळ्यावरचा माणूस म्हणतो, यंदाचं बी हलकं निघालं. तो पाण्याला दोष देतो, खाद्याला देतो, पावसाला देतो. दोष कधीकधी त्या न लिहिलेल्या वंशावळीत असतो.

हेच उलटं करूनही दाखवता येतं. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं नॉर्वेच्या मदतीनं गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा अशा वेगवेगळ्या नद्यांतले रोहू एकत्र आणले. प्रत्येक कुटुंबाची नोंद ठेवत निवड केली आणि त्यातून जयंती रोहू तयार झाला. दर पिढीला त्याची वाढ साधारण 17 टक्क्यांनी सुधारत गेली. वेगवेगळ्या नद्यांची विविधता हाताशी होती म्हणून हे जमलं. सगळीकडे एकाच टाकीचं बी पसरलं असतं तर निवड कशातून करणार?

बाहेरून आलेल्यांचा प्रश्न निराळा. तिलापिया 1952 मध्ये देशात आला, गवत्या आणि चंदेऱ्या 1959 मध्ये. तिलापिया चिलापी या नावानं आता कुठल्या धरणात नाही असं नाही. आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, त्याच्यावर केंद्र सरकारनं 2000 मध्ये बंदी घातली, तरी चोरीछुपे त्याची पैदास होते. तो इतर मासे खातो आणि देशी मागुराशी त्याचा संकर होऊ शकतो. लहान वयात दोन्ही सारखेच दिसतात. परांच्या तुकड्यातला डीएनए एका दिवसात खरं काय ते सांगतो. मराठवाड्यात आता जागोजाग अस्तरीकरणाची शेततळी झाली आहेत, त्यात मासे पाळले जातात, आणि अतिवृष्टीत शेततळं भरून वाहिलं की ते मासे ओढ्यात जातात. तिथून वाण किंवा सिंदफणा फार दूर नसते.

मग आपल्या नद्यांच्या देशी माशांचा जनुकीय नकाशा कुठं आहे? सह्याद्रीत हे काम जोरात चालू आहे. पवना आणि नीरेतला एक लहानसा मासा वर्षानुवर्षं उत्तरेतल्या जातीचाच समजला जाई. उन्मेष कटवटे आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासून ती वेगळी जात असल्याचं दाखवलं. आंबोलीच्या हिरण्यकेशीतल्या माशाचं 2020 मध्ये वर्णन झालं आणि पुढच्याच वर्षी त्या झऱ्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. ज्ञानामुळे संरक्षण कसं मिळतं, त्याचं हे ताजं उदाहरण. बालाघाटाच्या वाट्याला असं लक्ष आलेलं नाही. इथं हिरवं जंगल नाही, धबधबे नाहीत, छायाचित्रकार येत नाहीत. पण दर चार-पाच वर्षांनी कोरड्या पडणाऱ्या नदीत शतकानुशतकं टिकलेला मासा शास्त्राच्या दृष्टीनं अतिशय मोलाचा आहे. तापणाऱ्या हवामानात पुढे ज्या गुणांची गरज पडणार, ते गुण असलेच तर इथल्या डोहांतल्या माशांत असण्याचा संभव जास्त.

हे काम परगावच्या कुणी येऊन करावं अशी वाट बघायची गरज नाही. सिरसाळ्यात कै. पंडितगुरू पार्डीकर यांच्या नावाचं वरिष्ठ महाविद्यालय आहे. परळी, अंबाजोगाई, माजलगाव इथंही महाविद्यालयं आहेत. आपल्याकडच्या प्राणिशास्त्र विभागांत साधारणपणे भिंतीलगतच्या कपाटात फॉर्मेलिनच्या बरण्यांत जुने मासे ठेवलेले असतात, लेबलं पिवळी पडलेली. त्या बरण्यांचा आकार-रंग ओळखायला उपयोग आहे, पण फॉर्मेलिनमध्ये डीएनएचे तुकडे होतात आणि तो वाचणं फार अवघड जातं. ते मासे ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्याच माशाच्या पराचा तुकडा अल्कोहोलच्या कुपीत ठेवला असता तर आज त्यातून दुष्काळाआधीची आणि नंतरची तुलना करता आली असती. यापुढे तरी दोन्ही ठेवावं: मासा बरणीत, तुकडा कुपीत. महागडं यंत्र प्रत्येक महाविद्यालयाला नको. कुपी लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे किंवा मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेकडे पाठवता येतात. ब्युरो 1983 पासून नेमकं याच कामासाठी आहे. क्रमवारी वाचण्याचा खर्चही वीस वर्षांपूर्वीच्या मानानं खूप उतरला आहे. महाग आहे ती शिस्त: नेमकी जागा, नेमकी तारीख, पुरेसे मासे, आणि दरवर्षी न चुकता.

भोयांशिवाय यातलं काही होणार नाही. मे महिन्यात वाणेच्या कोणत्या वळणाला पाणी टिकतं, शिंगाडा कुठं दडतो, गेल्या दुष्काळात कोणता डोह शेवटपर्यंत आटला नाही, हे जाळं टाकणाऱ्यालाच माहीत असतं. वाळू उपशानं कोणते डोह बुजले हेही तोच सांगेल. अभ्यासाच्या निबंधात त्याचं नाव सहलेखक म्हणून यायला हवं, आभाराच्या शेवटच्या ओळीत नव्हे.

काम कुठून सुरू करायचं, हे साधं आहे. एप्रिल-मे मध्ये नागापूर धरणाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला उरलेले डोह शोधायचे. एकाच जातीचे तीस-तीस मासे दोन्हीकडून धरायचे, पर कापून लगेच सोडून द्यायचे. धरणानं वेगळे केलेले हे मासे अजून एकाच कुळाचे आहेत की तुटत चालले आहेत, हा पहिला प्रश्न. त्याच वर्षी तळ्यात सोडण्यासाठी आलेल्या बियाच्या प्रत्येक पिशवीतली काही पिलं कुपीत ठेवायची आणि ती किती आईबापांची आहेत ते काढायचं, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हाती आलं की बीजकेंद्राकडून पावतीवर एक जादा रकाना मागायचा: पैदाशीचे नर किती, माद्या किती, आणि त्या कुठून आणल्या. केंद्रानं तो भरून दिल्याशिवाय मच्छीमार संस्थांनी बी उतरवून घेऊ नये.